'७ दिवसांत ५ किलो'वाल्या डाएट चार्टास खुले पत्र

डाएट चार्टा,

'प्रिय' लिहीत नाही. तू कुणाला प्रिय व्हावंस असं तुझ्या हातून काहीही घडलेलं नाही. दिवाळीचा फराळ संपला की तू आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हजर होतोस. वर ठळक अक्षरांत '७ दिवसांत ५ किलो', खाली रंगीत चौकटी, आणि लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकरांनी दर दोन तासांनी थोडं थोडं खा असं लिहिलं. दोघांचं पटो न पटो, ते नाव लावून बोलतात, त्यांना उलट प्रश्न विचारता येतो. एवढी छाती ठोकून सल्ले देणारा तू सही करताना का पळतोस?

तुझ्या चौकटी मी नीट वाचल्या आहेत. अनशेपोटी दुधीचा रस, नाश्त्याला ओट्स, अकराला किवी, दुपारी किन्वा आणि अर्धं अ‍ॅव्होकाडो, सातला सूप, की झोपा. भाकरी नाही, वरण नाही, उसळ नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे तुझ्या गावीही नाही. ज्या ओमेगा-३ साठी तू लोकांना महागड्या चिया सीड्सच्या मागे पळवतोस, ते विदर्भातल्या जवसाच्या चटणीत आहे, कोकणातल्या बांगड्यात आहे.

पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, त्यावरच तुझं दुकान चालतं. भात-पोळी सोडली की शरीर साठवलेलं ग्लायकोजेन वापरायला काढतं आणि त्याच्याबरोबर धरलेलं पाणी निघून जातं. ते पाणी तू चरबी म्हणून खपवतोस. आणि तो दुधी! कडू निघालेल्या दुधीच्या रसातल्या कुकुर्बिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणसं दगावलीही आहेत. 'आधी चव बघा, कडू लागला तर टाकून द्या' एवढं एक वाक्य तुझ्यात मावलं नाही.

माझी मावशी मधुमेहाची गोळी घेते. तुझं ऐकून तिनं दुपारचं जेवण सोडलं, गोळी मात्र चालूच ठेवली. संध्याकाळी ओट्यापाशी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. शेजारच्या काकूंनी ओळखलं आणि साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न नसेल तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली उतरते. कोणती गोळी घेता, हे तू विचारलं होतंस का? तू कुणालाच काही विचारत नाहीस. एसटीच्या ड्रायव्हरला रात्रपाळी आहे का, मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरांनी शहाळं बंद केलंय का, घरात महिन्याला भाजीसाठी किती पैसे निघतात, यातलं काहीच तुला ठाऊक नसतं. तरी सगळ्यांना तू एकाच मापाचा.

आणि तुझा स्वयंपाक करतं कोण? नवऱ्याचं सूप वेगळं, मुलीचं सॅलड वेगळं, सासूबाईंची मऊ खिचडी वेगळी. सगळ्यांची ताटं वाढून झाली की ती बाई डब्यात उरलेली सकाळची पोळी चहात बुडवून खाते आणि भांडी घासायला उठते. रक्त कमी असतं ते तिचं, आणि तिच्यासाठी तुझ्यात एक चौकट नाही. तुझ्या अपराधांमध्ये हा मला सर्वांत मोठा वाटतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या. त्यातलं दिवसाचं ताट २,००० कॅलरींचं आहे: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर. आपल्या घरच्या ताटात हे बसतं. भाताचा ढीग उतरवायचा, उसळ आणि पालेभाजी वाढवायची, तेल मोजून घालायचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यानं एक भाकरी कमी करावी, शेतात राबणाऱ्यानं करू नये. घरातले सगळे एकाच पातेल्यातलं जेवू शकतील आणि वर्षभर जमेल, तोच आहार आपल्याला मानवला म्हणायचा.

ग्रुपवरच्या मंडळींना हात जोडून सांगते: मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असतील, तर जेवणात किंवा जेवणाच्या वेळांत बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि हा चार्ट पुढे पाठवू नका.