त्यात आहे काय एवढं?

शिकागोच्या उपनगरात उभं आयुष्य काढूनही नानांचा एक बाणा शाबूत आहे. बाहेर मिळणारी कुठलीही वस्तू घरी होते आणि बाहेरच्यापेक्षा सरस होते! पीनट बटर झालं, पिझ्झा झाला, एकदा तर गाडीची काच पुसायचं पाणीसुद्धा झालं.

मार्चमध्ये सेंट पॅट्रिक डे येतो. शिकागोचे प्लंबर नदीत नारिंगी पूड टाकतात आणि पाणी हिरवंगार होतं; १९६२ पासूनची ही प्रथा. मॅकडोनल्ड्सचा हिरवा शॅमरॉक शेक १९७० चा. यंदा नातवानं त्याचं नाव काढायचा अवकाश, नाना सरसावले. "त्यात आहे काय एवढं? दूध, आइस्क्रीम, पुदिना. घरी करू!"

'करू' म्हणजे काकूंनी करायचं, नानांनी देखरेख करायची.

काकूंनी व्हॅनिला आइस्क्रीम, दूध, हिरवा रंग आणि पेपरमिंटच्या अर्काची बाटली काढली. पाव चमचा अर्क, दोन थेंब रंग, की काम झालं. पण नाना कडाडले, "बाटलीतला स्वाद? ताजी जुडी आणलीय मी!"

नातू म्हणाला, "आजोबा, पेपरमिंटमध्ये मेंथॉल असतं, म्हणून ते जिभेला गार लागतं. आपला पुदिना म्हणजे स्पिअरमिंट. त्यात मेंथॉल नावापुरतंच."

"गार लागायला बर्फ आहे की!" नानांनी विषय संपवला आणि अख्खी जुडी, देठांसकट, मिक्सरमध्ये कोंबली. झाकणाच्या रबरी रिंगेत आदल्या दिवशीच्या चटणीचा लसूण ठाण मांडून होता, त्याची दखल कोणी घेतली नाही.

पेले आले. रंग शेवाळी, वर देठांचे तुकडे तरंगताहेत, त्यावर क्रीम आणि लालचुटूक चेरी. आम्ही पाहुणे एकमेकांकडे बघत घोट घेऊ लागलो. शेजारचे जोशी मात्र मनापासून म्हणाले, "वा! मठ्ठा फर्मास. जिरं थोडं कमी पडलंय, काकू."

नाना ढळले नाहीत. "बाहेर एवढ्या पेल्यांचे तीस डॉलर मोजले असते," असं बजावून त्यांनी क्रीम आणि चेरी तेवढी चमच्यानं संपवली.

नातू गाडीची किल्ली घेऊन गुपचूप दाराकडे सरकला. नानांनी मान न वळवता हाक मारली, "निघालाच आहेस तर माझ्यासाठीही एक आण. मोठा! आपला किती चांगला झालाय ते ताडून बघायला नको?"