पालथं घालणारे काका

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर फोन उचलणं बंद करतो आणि काका फोन करायला सुरुवात करतात. हे काका आपले सख्खे असतीलच असं नाही. शेजारच्या विंगमधले, सासऱ्यांच्या ऑफिसातले, मावशीच्या नणंदेकडचे, कुणाचेही असू शकतात. पण घरटी एक ठरलेला. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त, गुडघे शाबूत, वेळ भरपूर. "फर्निचर बघायला निघालात म्हणे? शनिवारी मी मोकळा आहे," असं ते कळवतात. मोकळे ते उरलेले सहा वारही असतात. पण एक वार नेमून दिला की समोरच्याला उपकाराची जाणीव राहते.

त्यांच्या शर्टाच्या खिशात बारकासा टॉर्च, किल्ल्यांच्या जुडग्यात लोहचुंबक आणि पँटच्या खिशात पाच मीटरची टेप. टेप बाहेर निघते ती आपल्या हॉलमध्ये नाही, तळमजल्यावर. आधी लिफ्टचं दार, मग लिफ्टची उंची, मग तिरपी लांबी, मग जिन्याचं वळण. "सोफा हॉलमध्ये मावतो की नाही हे नंतर. हॉलपर्यंत पोचतो का ते आधी." वॉचमनला वाटतं महापालिकेचा माणूस आला, म्हणून तो अदबीने आपली खुर्ची पुढे करतो. काका ती खुर्ची उलटी करून बघतात.

इथेच काकांचा सगळा स्वभाव आला. जग फर्निचर समोरून बघतं, काका खालून बघतात.

आपण दुकानात जातो ते मोबाइलमध्ये फोटो साठवून. कुणाला 'मिड-सेंचुरी' हवं असतं, कुणाला 'रस्टिक', कुणाला 'जपांडी'. जपान आणि स्कँडिनेव्हिया मिळून जपांडी, हे कळल्यावर काकांनी "ही सोयरीक जमवली कुणी?" एवढंच विचारलं. रस्टिक टेबलावरून हात फिरवून ते म्हणाले, "रंधा मारायचा राहिलाय." त्यांच्या लेखी फर्निचरच्या शैली दोनच: हलणारी आणि न हलणारी. टेबलाचा कोपरा दोन बोटांनी दाबून ते पाच सेकंदांत शैली सांगतात.

घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममध्ये घडलेला संवाद आमच्या घरात अजून पाठ आहे. सेल्समन विशीतला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"सर, हे सॉलिड इंजिनिअर्ड वुड आहे."

"सॉलिड की इंजिनिअर्ड?"

"दोन्ही, सर."

"बाळा, माणूस एकतर जन्मलेला असतो नाहीतर बनवलेला. झाड कुठलं ते सांग."

झाड कुठलं हे त्याच्या टॅबमध्ये नव्हतं. तोवर काका डायनिंग टेबलाखाली गेले होते. बाहेर फक्त पांढरे मोजे दिसत होते आणि आतून धावतं वर्णन ऐकू येत होतं. खऱ्या लाकडाच्या फळीवरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात, आणि फळीच्या टोकाला झाडाच्या वलयांचे कमानदार तुकडे दिसतात. वर छापील कागद चिकटवलेला असेल तर रेषा कडेपाशी येऊन गपकन थांबतात आणि तीच गाठ, त्याच आकाराची, हातभर पुढे पुन्हा भेटते. "झाडाला एवढी शिस्त नसते!" टेबलाखालून आवाज आला. इतर गिऱ्हाइकं आपापली टेबलं सोडून तिथे जमली. एका बाईंनी आदल्या दिवशी बुक केलेल्या कपाटाचा फोटोही खाली सरकवला.

काकांचा बनवलेल्या लाकडावर राग नाही, त्याचं नाव लपवण्यावर आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा राळेत कालवून दाबलेला; एमडीएफ म्हणजे त्याहून बारीक तंतू दाबलेले. एमडीएफवर रंग सुरेख बसतो, कडा गुळगुळीत येतात, भिंतीवरच्या शोकेसला चांगलं. पण साधा एमडीएफ पाण्यात फुगला की सुकल्यावरही पूर्ववत होत नाही. आणि मुंबई-कोकणात पाणी नळातून येतं त्याहून जास्त हवेतून येतं. म्हणून काका कपाटाच्या तळाशी आणि मागच्या बाजूला, जिथे पट्टी लावायचा कंटाळा केलेला असतो, तिथे टॉर्च मारतात. दर्शनी भाग सगळेच सजवतात. पाठ कुणी झाकली आहे, त्यावरून दुकानदाराची नियत कळते, असं त्यांचं मत.

सागाचा विषय निघाला की मात्र त्यांचा सूर मऊ होतो. "सीपी साग," असं ते म्हणतात तेव्हा क्षणभर चप्पल काढावी की काय असं वाटतं. सीपी म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत. तो १९५० मध्येच नकाशावरून गेला, पण लाकूडबाजारात अजून शाबूत आहे. बल्लारशा, आलापल्ली ही नावं काका तीर्थक्षेत्रांच्या चालीवर घेतात. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचा साग लागला, याचा त्यांना वैयक्तिक अभिमान आहे. "तिथे कितीही आदळआपट होऊ दे, लाकूड आपलं आहे."

पण साग म्हणजे सगळाच साग नव्हे, हे ते लगेच सांगतात. तेल असतं ते झाडाच्या गाभ्यात. वाळवी तोंड फिरवते ती त्या गाभ्याच्या लाकडाकडे पाहून. बाहेरचा फिकट पट्टा ती आनंदाने खाते. आफ्रिकेतून येणाऱ्या लागवडीच्या कोवळ्या सागात हा फिकट भाग बराच निघतो, आणि दुकानात त्यावर गडद पॉलिश चढलं की सगळेच सारखे दिसतात. म्हणून पॉलिश न पोचलेली जागा शोधायची, आणि ती, अर्थातच, खाली असते. ज्यांना खिसा सांभाळून साग हवा, त्यांना काका पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांकडे पाठवतात. ते लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं, आता वाकायचं तेवढं वाकून झालेलं. फक्त आत जुने खिळे आहेत का ते बघून घ्यायचं, नाहीतर करवतीचं पातं आणि मिस्त्रीचं डोकं दोन्ही जातात.

प्लायवुडच्या दुकानात काका वकील होतात. "३०३ की ७१०?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नवख्याला वाटतं फौजदारी कलमं चालली आहेत. हे भारतीय मानकांचे क्रमांक आहेत. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती: एमआर, म्हणजे दमट हवा सोसेल पण पाणी नाही, ज्याला बाजारात कमर्शियल प्लाय म्हणतात, आणि बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला बऱ्यापैकी तोंड देणारा, स्वयंपाकघरासाठी. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, सिंकखाली लावायचा. चाचणीत हा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत.

"माझ्या स्वयंपाकघरात तीन दिवस तीन रात्री काय उकळणार आहे?" काकूंनी एकदा विचारलं होतं. काकांनी उत्तर दिलं नाही. त्या घरात चर्चा बहुधा अशाच संपतात.

आठ बाय चारच्या प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का आणि परवाना क्रमांक दिसला पाहिजे, यावर ते अडून बसतात. एक शीट दाखवायची आणि दहा भलतीच टेम्पोत चढवायची, ही रीत त्यांना ठाऊक असल्याने टेम्पो भरताना ते फुटपाथवर उभे राहून शिक्के मोजतात. शीटच्या कडेला टॉर्च लावून मधल्या थरात पोकळी आहे का ते बघतात. तिथे स्क्रू पडला तर तो फक्त हवा धरून ठेवतो. आणि बिलावर नुसतं 'प्लाय' लिहिलेलं त्यांना चालत नाही. जाडी, प्रत, मानक, कंपनी, सगळं लिहून घेतात. "तोंडी वॉरंटी तोंडातच विरघळते."

सोफ्याच्या बाबतीत काकांची पद्धत थोडी लाजिरवाणी आहे. ते गादीची चेन उघडतात. भर शोरूममध्ये, सगळ्यांदेखत. आत ४० डेन्सिटीचा फोम आहे की ३२चा, हे त्यांना बोटांनी कळतं असा त्यांचा दावा आहे. पण पुढे ते जे सांगतात ते खरं आहे. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन म्हणजे डेन्सिटी. हलका फोमही कडक करता येतो, दुकानात बसून बघितला तर झकास वाटतो, आणि वर्षभरात मालकाच्या बैठकीचा साचा त्यात कायमचा उमटतो. लेदरचं म्हणून दाखवलेलं रेक्झिन आपल्या दमट हवेत पोपडे धरतं, म्हणून काका कापडाच्या बाजूने. कव्हर काढून धुता आलं पाहिजे, ही अट काकूंची. घरी परतल्यावर काका ती स्वतःची म्हणून सांगतात.

डिसेंबर २०२०मध्ये तुर्भ्याला आयकियाचं दुकान उघडलं. गर्दी ओसरल्यावर काका गेले ते उलट्या दिशेने. जमिनीवरचे बाण नव्या माणसांसाठी असतात, असं म्हणत त्यांनी बिलाच्या खिडकीपासून सुरुवात केली आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला "पुढे काही नाही" असं सांगत गेले. जुळणीच्या कागदावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं, हे त्यांना खटकलं. "भांडायला शब्द तरी ठेवायचे!" पण मालाच्या माहितीत पार्टिकल बोर्ड असेल तर चक्क पार्टिकल बोर्ड असं लिहिलेलं पाहून ते विरघळले. समोरच्याने खरं सांगितलं की काकांचं निम्मं बळ जातं. त्या दिवशी त्यांनी काही न उलटवता एक स्टूल विकत घेतलं. उलटवलं घरी येऊन.

काकांना खरी मात दिली ती त्यांच्या पुतणीने. ती हिंजवडीत नोकरीला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, लीव्ह अँड लायसन्सवर. तिने फोनवर सांगितलं, "काका, मला पलंग हवाय. अकरा महिने टिकेल असा."

"अकरा महिने?" काका म्हणाले. "पलंग घेतेयस की लोणचं घालतेयस?"

त्यांचं सगळं ज्ञान तीन पिढ्यांच्या हिशेबाने घडलेलं. गोदरेजने १९२३ साली बाजारात आणलेलं पोलादी कपाट हा त्यांचा आदर्श. मुलीच्या लग्नात द्यायचं आणि तिच्या नातीने त्यात साड्या ठेवायच्या. टिकाऊपणाची किंमत काकूंना विचारावी. त्यांच्या लग्नातला शिसवी पलंग चार माणसं लावल्याशिवाय हलत नाही, आणि त्याच्याखाली काय आहे हे घरात कुणालाच माहीत नाही. जगातलं सगळं फर्निचर खालून बघणाऱ्या माणसाने फक्त तेवढं एक बघितलेलं नाही.

पण पुतणीचा प्रश्न काकांनी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा लांबलचक व्हॉट्सअ‍ॅप आला, आणि त्यात उपदेशाऐवजी हिशेब होता. स्वस्त पार्टिकल बोर्डाचा पलंग एकदा जोडला की ठीक. सुटा करून दुसऱ्या घरी पुन्हा जोडला की त्याच भोकांत स्क्रू धरत नाही. म्हणून जे बरोबर न्यायचं ते लोखंडी किंवा अस्सल लाकडाचं, नट-बोल्टने सुटणारं घ्यावं. जे घर सोडताना विकून टाकायचं ते जुन्या बाजारातून उचलावं. आणि पैसे घालायचेच तर गादीत आणि कामाच्या खुर्चीत घालावेत, कारण पाठ अकरा महिन्यांच्या करारावर मिळत नाही.

तेव्हापासून काका दुकानात शिरण्याआधी आपल्यालाच विचारतात, "किती वर्षं हवंय?" या प्रश्नाने भलेभले गडबडतात. रंग ठरलेला असतो, हप्ता ठरलेला असतो, सेलची तारीख पाठ असते. वस्तू किती काळासाठी घेतोय हे नवरा-बायकोने एकमेकांना विचारलेलं नसतं. मग दुकानाच्या दारातच त्यांची जुंपते. तिला भाड्याने दिलं तरी चालेल असं हवं असतं, त्याला मुलाच्या लग्नापर्यंत पुरेल असं. काका शांतपणे बाहेरच्या बाकावर बसतात. बसण्याआधी बाक बघून घेतात.

परवा घोडबंदरच्या त्याच शोरूमसमोरून आम्ही चाललो होतो. ओळखपत्र लावलेला तो पोरगा काचेतून काकांना बघून धावत बाहेर आला. काकांनी टॉर्चकडे हात नेला. पण पोरगा इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "काका, बदलापूरला वन बीएचके घेतलाय. येत्या शनिवारी जरा याल का माझ्याबरोबर, फर्निचर बघायला?"

काकांची छाती दोन इंच फुगली. "येतो की. पण तुला काका कशाला लागतो? तुला तर स्टाफ डिस्काउंट असेल."

"आहे ना," तो म्हणाला. "आमच्याच दुकानातून घेतोय, म्हणून तर."