एक काडी कमी

दिवाळी जवळ आली की ‘लोकलला प्रोत्साहन द्या’ असे निरोप फिरायला लागतात. डोंबिवलीचा माणूस ते वाचून क्षणभर बुचकळ्यात पडतो. आमच्याकडे लोकल म्हणजे सकाळची फास्ट. तिला आम्ही वर्षानुवर्षं खांद्याने, कोपराने, प्रसंगी पोटानेही टेकू देत आलो आहोत; आणखी प्रोत्साहन ते काय द्यायचं? मग उलगडतं की गोष्ट गल्लीतल्या दुकानदारांची चालली आहे. निरोप पाठवणाऱ्याच्या दाराशी तेव्हा बहुधा पाठीवर भलंमोठं दप्तर घेतलेला डिलिव्हरीवाला उभा असतो.

गेल्या वर्षी मी कंदील घरी करायचं ठरवलं, त्यामागे असा काही उदात्त हेतू नव्हता. कोपऱ्यावर कॉलेजच्या पोरांनी स्टॉल लावला होता. तिथे कागदी कंदील साडेतीनशेला होता. मी बोलून गेलो, "यात साडेतीनशेचं आहे काय? चार काड्या आणि कागद." हे बायकोच्या देखत बोलायला नको होतं.

काड्या चार नाही, चोवीस लागतात. सहा चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा लावून एकमेकांत गुंतवायचे. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, बाकी सगळीकडे कागद. ऐकायला सोपं आहे. पण सगळ्या गाठी मारून झाल्या तरी सांगाडा ताठ उभा राहत नाही. हातात धरला की शनिवारी रात्री उशिरा घरी येणाऱ्या माणसासारखा झुलतो. त्याला कणा येतो तो कागद चिकटल्यावर. बांबूला कागद सावरतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

काड्या आणल्या ठाण्याहून. ऑफिस तिकडेच, आणि जांभळी नाक्याच्या बाजारात सुपं-टोपल्या घेऊन बसणाऱ्या एक मावशी माहितीच्या होत्या. त्यांनी विचारलं, "कंदिलाला ना? चोवीस लागतील. तीस न्या."

"सहा जास्त कशाला?"

"राहता कुठं?"

"डोंबिवली."

"मग तीसच न्या."

एकसारख्या फूटभर तीस कामट्या त्यांनी बोलता बोलता तासून दिल्या. मोजायला पट्टी नव्हती. पहिली काडी हीच पट्टी. ऐंशी रुपये घेतले. मी घासाघीस करणार होतो, पण त्यांच्या अंगठ्याच्या पेरावरचे चरे पाहिले आणि गप्प बसलो.

घरी जुडी सोडली तर चार मोडलेल्या. रॅकवर कुणीतरी त्यांच्यावर बॅग ठेवली होती. दोन मी वाकवून पाहताना मोडल्या. सातवी कशी मोडली याबद्दल घरात दोन मतं आहेत. तिसांतून सात गेल्या, उरल्या तेवीस.

एका काडीसाठी पुन्हा ठाणे. मावशींनी ढिगातून एक कामटी ओढली, तासली, हातावर ठेवली. "एका काडीचे कसले पैसे?" मला संकोच वाटला, म्हणून लक्ष्मीपूजनाची केरसुणी घेतली. संध्याकाळच्या गर्दीत केरसुणी घेऊन डोंबिवली गाठायची म्हणजे धाडसच. पण चमत्कार झाला. डब्यात कुणी पाय टेकवायला तयार नाही. लक्ष्मीला पाय कसा लावायचा? तिच्याभोवती चांगली हातभर जागा सुटली आणि त्या जागेत मी मुंब्रा, दिवा मागे टाकत ऐसपैस उभा राहिलो. तेव्हापासून केरसुणी रोजच न्यावी की काय, असं मनात येतं.

पुढचं सगळं आमच्याच गल्लीत. पतंगी कागदाचे पाच ताव, पन्नास रुपये. कडांना लावायची बेगड तीस. दोरा पंधरा. इलेक्ट्रिकवाल्याकडून वायर आणि होल्डर एकशेवीस, बल्ब साठ. तो म्हणाला, "एलईडीच घ्या, साहेब. पूर्वी साठ वॅटचा बल्ब लावायचे आणि कागद करपायचे." या वणवणीत मी खाल्लेले दोन वडापाव चाळीस. बायकोने कागदावर बेरीज मांडली: काड्यांसकट तीनशे पंच्याण्णव. केरसुणी त्यात धरली नाही, हा तिचा मोठेपणा. मी मात्र म्हटलं, पोरांच्या स्टॉलवर पैसे एकाच गल्ल्यात गेले असते. माझ्या कंदिलाने सहा गल्ले वाजवले. ती म्हणाली, "वडापाववाला धरून?" मी म्हटलं, धरून.

खळ करायला मैदा लागतो आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद हे विष, त्यामुळे स्वयंपाकघरातलं भांडं मिळेना. गॅलरीतल्या कुंडीखालची ताटली मिळाली. खरं तर त्या दिवसांत आमचा गॅस मोकळाच होता. चकल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी करतात. त्यांच्या चकल्या अमेरिकेपर्यंत जातात, आम्ही दोन मजले खाली राहून महिनाभर आधी नंबर लावतो. वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे चकली घरची आणि कंदील विकतचा असायचा.

मुलगी घोडबंदर रोडला राहते. तिच्या सोसायटीत कमिटीने रंग ठरवून दिलाय, सगळ्या बाल्कन्यांत एकच कापडी कंदील. खालून पाहिलं की शाळा सुटायची वाट पाहणारी गणवेशातली मुलं आठवतात. तिला फोटो पाठवला तर म्हणाली, "बाबा, गोड आहे. थोडा कलतोय का?"

कलत होता. पण डोंबिवलीत घरातली गोष्ट रस्त्यावर आणायची जुनी खोड आहे. गुढी खिडकीत उभारायची, तर आम्ही १९९९ साली गणेश मंदिराच्या पुढाकाराने पाडव्याची शोभायात्रा काढली. दिवाळीचं अभ्यंगस्नान उरकलं की सगळं तरुण गाव फडके रोडवर. म्हणून कलता तर कलता, कंदील मी गॅलरीत बाहेरच्या बाजूला टांगला. पहाटे फडके रोडला निघालेल्या पोरांपैकी दोघांनी मान वर करून पाहिलंही. त्यातला एक मानही तिरकी करून पाहत होता.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखरासाठी आमच्या इमारतीत सगळ्यांनी घरचे पुठ्ठे बाहेर काढले होते. त्या वर्षी एका काकांच्या मखरावर मागून ‘फ्रीज, ही बाजू वर’ असं वाचता यायचं. त्यापेक्षा माझा कंदील कितीतरी बरा.

भाऊबीज झाली, ऑफिस सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम जांभळी नाक्याला गेलो आणि मावशींना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ घेतला. कौतुकाची वाट पाहत मी उभा. कंदिलाच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही ना, ती फुकटची? ओली होती. वाळताना वाकली." फोन परत देत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पैसे देऊन घ्या."