वाग्भट शेजारच्या बंगल्यात उतरले

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाने विश्रांतीसाठी कुठे जावे, हा प्रश्न १८६३ पासून अनिर्णित आहे. त्या वर्षी बोरघाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईची विश्रांती आमच्या गावात उतरू लागली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, तेव्हा जी काही विश्रांती मुंबई-पुण्यात शिल्लक होती तीही आपापल्या गाडीतून आली. आता शुक्रवारी दुपारीच आम्ही दूध, कोथिंबीर आणि रक्तदाबाच्या गोळ्या आणून ठेवतो आणि सोमवार उजाडेपर्यंत बाजाराचे नाव काढत नाही. त्यामुळे घरच्या घरी करायचे रिट्रीट ही जी नवी टूम निघाली आहे, तिच्यात आमचा हात कुणी धरू शकणार नाही. फक्त आजवर आम्ही ते फुकट करत होतो.

यंदा पाडव्याला जोडून सुट्ट्या आल्या आणि हिने जाहीर केले की वसंताचे स्वागत या वेळी शरीरापासून करायचे. सुट्टी संपेपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाही. (टाकले असते तरी तुंगार्लीच्या चढावर एखाद्या मोटारीच्या बॉनेटवरच पडले असते, हा भाग वेगळा.) पुण्याच्या कुणा ताईंकडून विकत घेतलेले वेळापत्रक फ्रिजवर लागले. पहाटे कोमट पाणी. मग गच्चीवर अनवाणी उभे राहून पृथ्वीशी नाते जोडणे. आमची गच्ची दुसऱ्या मजल्यावर आहे, पण पृथ्वी समजून घेते म्हणे. मग तीळतेल. मग प्रत्येक अवयवाचे आभार, गुडघ्यांपासून सुरुवात. मग मौन. दुपारी जेवणानंतर 'गाढ विश्राम' आणि संध्याकाळी गुलाबपाकळ्यांच्या पाण्यात पाय बुडवून बसणे. मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब फेब्रुवारीत प्रेमापायी परदेशी जातात. त्यांतले जे मागे राहतात त्यांच्या नशिबी चैत्रात माझे पाय येतील, असे मला वाटले नव्हते.

देहाकडे परत जायला सामानही बरेच लागते. तांब्याची बाटली, तागाची चटई, गुलाबी मीठ, चेहऱ्यावरून फिरवायचा हिरवट दगड, मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती. एकेक खोके घेऊन कुरिअरचा पोरगा गाड्यांच्या रांगेतून वाट काढत वर येत होता. संपूर्ण कार्यक्रमात खरा घाम निघाला तो त्याचा.

घरकामाच्या मावशी कुरवंड्याहून येतात. त्यांनाही या पुण्यात वाटा मिळावा म्हणून हिने त्यांना बसवून समजावले, की मावशी, आपण दिवसभर धावतो, पण शरीर काय म्हणतंय ते कधी ऐकत नाही. मावशी म्हणाल्या, "ऐकायला कशाला पाहिजे ताई? माझी कंबर रात्रभर बोंबलती, सगळी आळी ऐकती." आणि राब भाजायचा आहे म्हणून रजा सांगून गेल्या. भाताच्या रोपांची जागा शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून आत्ताच भाजून ठेवावी लागते. इंद्रायणी तांदूळ घमघमतो म्हणून आपण पिशव्या भरभरून नेतो, पण वसंतात मावळाला जो वास येतो तो या धुराचा. मौनाच्या वेळी तो खिडकीतून आत आला. हिने खिडकी लावली आणि चंदनाची उदबत्ती लावली.

आता मला सांगा, हे सारे लोणावळ्यात! वलवणला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, जगन्नाथ गणेश गुणे नावाच्या गृहस्थांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. शरीराचे ऐकायचेच होते तर त्यांनी ते यंत्र लावून ऐकले. नौली करणाऱ्या माणसाच्या आतड्यात नळी घालून दाब मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला, आणि त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले: माधवदास व्हॅक्युम. लगेच 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून असले प्रयोग छापायलाही सुरुवात केली. पोटात पोकळी आमच्याही तयार होत होती, सकाळी दहापासून, पण तिच्यावर वेळापत्रकात फक्त भिजवलेले बदाम लिहिले होते.

पाडव्याच्या दिवशी मात्र शिस्त थोडी सैल झाली. कडुनिंबाची कोवळी पाने, ओवा, हिंग, जिरे, गूळ अशी चटणी बोटभर चाटून झाली आणि त्या बोटभर पुण्यावर वाटीभर श्रीखंड आले. मग पुऱ्या आल्या. मग वाटी परत आली. यानंतर वेळापत्रकाप्रमाणे गाढ विश्राम. मी आयुष्यात कुठला आध्यात्मिक कार्यक्रम इतक्या निष्ठेने केला नसेल.

पण झोप लागेना, कारण शेजारच्या बंगल्यात मुंबईची तरुण मंडळी उतरली होती. तो बंगला आता 'व्हिला' झाला आहे आणि दर सुट्टीला तिथे वेगळे कुटुंब, वेगळी कंपनी, पण गाणी तीच. तेव्हा वेळ घालवायला कपाटातले गर्द्यांचे 'सार्थ वाग्भट', म्हणजे वाग्भटांच्या जुन्या वैद्यकग्रंथाचे मराठी भाषांतर, काढले. म्हटले, वसंतात आपण जे काही करतो आहोत त्याला निदान तेराशे-चौदाशे वर्षांचा आधार शोधून ठेवावा, म्हणजे भिशीत सांगायला हिला बरे. सूत्रस्थान, तिसरा अध्याय, ऋतुचर्या.

वाग्भट म्हणतात, थंडीत साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो आणि अग्नी मंद करतो, म्हणून तो झटपट हटवावा. कसा? तर वमनाने. त्याची सोय खंडाळ्याच्या घाटाने एसटीच्या मागच्या बाकावर केव्हाची केलेली आहे. व्यायामाने, पण निम्म्याच ताकदीने. कोरड्या उटण्याने. आणि अंग तुडवून घेऊन. हे शेवटचे वाचून क्षणभर थबकलो, पण सकाळची लोणावळा-पुणे लोकल आठवली आणि पटले की शास्त्रात उगाच काही नसते.

इथपर्यंत ठीक. पुढे वर्ज्य गोष्टींची यादी आहे. वसंतात जड खाऊ नये. थंड खाऊ नये. स्निग्ध, आंबट आणि गोड खाऊ नये. आणि दिवसा झोपू नये. मी वाटीच्या तळाशी राहिलेल्या श्रीखंडाकडे पाहिले. पाचही दोष एका पदार्थात इतक्या कौशल्याने मराठी माणसाशिवाय कुणी बसवले नसते, आणि सहावा आम्ही सतरंजी घालून वेळापत्रकात बसवला होता.

मग वसंतात करावे तरी काय? जुने जव आणि गहू खावेत, मध घ्यावा, आणि शूळावर भाजलेले जांगल मांस खावे. मी खिडकीतून पाहिले. शेजारी सळ्यांवर कोंबडी भाजली जात होती. जांगल की कसे ते विचारायला गेलो नाही. आंब्याचा रस घातलेली आसवे, अरिष्टे, द्राक्षांचे मद्य, हे सगळे प्रियेच्या हातून घेऊन मित्रांच्या सोबतीने प्यावे. खिडकीतून पाहिले: प्रिया होत्या, मित्र होते, पेले होते. न झेपणाऱ्यांसाठी आल्याचे किंवा मधाचे पाणी आहे. त्यांच्यातला एक जण गाडी चालवायची म्हणून जिंजर काहीतरी घेऊन कोपऱ्यात बसला होता. दुपार गर्द झाडीत, जिथे ऊन दिसत नाही, पाणी जवळ आहे आणि कोकिळ ओरडतात अशा जागी, गमतीच्या गोष्टी सांगत घालवावी. आंब्याखाली खुर्च्या, पुढे पोहण्याचा तलाव. कोकिळ होता, पण स्पीकरपुढे त्याचे काही चालत नव्हते. आणि त्यांच्यातले कुणीही झोपलेले नव्हते! वाग्भटांना अभिप्रेत असलेली वसंतचर्या तंतोतंत पाळणारी ही मंडळी पवईहून की ठाण्याहून आली होती, आणि त्यांना आवाज कमी करायला सांगावे म्हणून मी थोड्या वेळापूर्वी पोलीस चौकीचा नंबर शोधत होतो.

ऋषीमुनींना, निदान या वैद्यबुवांना, वसंतात माणूस एकटा खोलीत बसून स्वतःच्या गुडघ्याशी बोलेल ही कल्पनाच शिवलेली नाही. त्यांचा वसंत गोतावळ्यात आहे, आणि मावळातल्या इतरांचाही. पाडव्यापासून सातव्या दिवशी कार्ल्याला एकवीरेची पालखी. आगरी-कोळी मंडळी रायगडातून, मुंबईच्या बाजूने कितीतरी जण चालत येतात आणि आईच्या पायऱ्या नाचत चढतात. गुडघ्यांचे स्वतंत्र आभार कुणी मानल्याचे ऐकिवात नाही. गावोगावच्या जत्रा याच दिवसांत. बैलगाडा घाटात सुटला की पाठोपाठ पळणाऱ्या माणसाचा कफ कुठे गेला हे वैद्यालाही सापडणार नाही. दुसऱ्याचे अंग अंगाला घासल्याशिवाय या तालुक्यात कुठला सण होत नाही. दार लावून अंगाची काळजी घेणारे आम्हीच काय ते नवे.

संध्याकाळी गुलाबपाण्यात पाय बुडवून मी हे सारे हिला वाचून दाखवले. प्रियेच्या हातून आंबारस हा भाग दोनदा वाचला. हिने पुस्तक ओढून घेतले, चष्मा चढवला आणि मागची-पुढची दोन-दोन पाने शांतपणे वाचून काढली.

"रस देते की," ती म्हणाली. "पण पेले, टोप आणि श्रीखंडाचं पातेलं कुणी घासायचं ते काही यात लिहिलेलं नाही, आणि मावशी राब भाजून परवा येणार. तेव्हा उठा आता. निम्म्या ताकदीनं घासा."