विहिरीतला दर्यावर्दी

विहिरीतला दर्यावर्दी हा मोहोळ तालुक्यात आणि शेजारच्या माढा-पंढरपूर भागात आढळणारा पुरुषांचा एक प्रकार आहे. वय साधारण पंचेचाळीस ते साठ. तो पोहायला शिकतो विहिरीत, पोहण्याविषयी बोलतो जन्मभर, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा कुटुंबाला घेऊन मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीला दिवसभराच्या बोटसफरीला जातो. बाकीचे लोक तिथे समुद्र पाहायला जातात. हा समुद्राला आपली विहीर ऐकवायला जातो.

हा प्रकार मोहोळलाच का निपजावा, याची कारणे भूगोलात आहेत. मोहोळपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरांहून लांब. तालुक्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाऊस येतो पाच-सहाशे मिलिमीटर. मालवणात एवढा पाऊस एकट्या जुलैत पडून वर उरतो. तालुक्याच्या एका अंगाला भीमा आहे आणि दुसऱ्या अंगाला सीना, पण उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण होऊन कालव्याचे पाणी फिरेपर्यंत उन्हाळ्यात दोन्ही नद्यांत पाण्यापेक्षा वाळू जास्त असे. अशा मुलखात अंग बुडेल इतके पाणी फक्त विहिरीत. त्यामुळे पोहण्याची शाळाही तीच.

या शाळेत फी नसे, वेळापत्रक नसे आणि रडणे ऐकायला आई काठावर नसे. पाठीला पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचा बिंडा, सुका भोपळा किंवा गोडेतेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि चुलत्याने मागून ढकलून द्यायचे, एवढाच अभ्यासक्रम. आठ-पंधरा दिवसांत डबा सुटला की पहिली परीक्षा पास. मोटेच्या थारोळ्यावरून उडी ही दुसरी. मुटका मारून काठावर बसलेल्यांचे कपडे भिजवणे ही तिसरी. बुडी मारून तळातला गाळ मुठीत आणून दाखवणे ही शेवटची. तिच्यानंतर शिकण्यासारखे काही उरत नाही असे तो मानतो, आणि खरोखरच पुढे काही शिकत नाही.

विहिरीची खोली तो परसांत सांगतो. एक परूस म्हणजे एक पुरुषभर पाणी. ज्या विहिरीत तो शिकला, ती वयाबरोबर खोल होत जाते. लग्नाच्या वेळी चार परूस असलेली विहीर थोरला मुलगा दहावीला जाईपर्यंत सात परूस होते. या काळात तालुक्यातली भूजलपातळी खाली जात असते, पण त्या घटनेचा आणि या मापाचा काही संबंध नाही.

सफरीचा मुहूर्त दोन गोष्टींवर ठरतो. पहिली म्हणजे समुद्र. पावसाळ्यात, मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत, मालवणची प्रवासी होडी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. दुसरी गोष्ट ऊसबिल. भरती-ओहोटीचे तक्ते वर्षभर आधी छापून मिळतात. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत पैसे मिळावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात असला, तरी ऊसबिलाचा असा तक्ता अजून कोणी छापलेला नाही. म्हणून सफर दिवाळीची ठरते आणि मार्चमध्ये निघते.

दोन घरे मिळून एक क्रूझर गाडी ठरवली जाते. गाडी रात्री निघते. पंढरपुरात कळसाला हात जोडायचे, सांगोला-मिरज मागे टाकून पहाटे कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घ्यायचे आणि मग गगनबावड्याचा घाट उतरायचा. सामानात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे इतके असतात की बोट भरकटली तरी आठवडा निघावा. टॉवेल अर्थातच सोलापुरी. समुद्रावर जाताना कपडे कोणते घ्यावेत यावर घरात चर्चा होते. तो स्वतः पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी घेतो आणि विषय संपवतो.

देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. इथून सुटणाऱ्या बोटींचा क्रम ठरलेला असतो: संगम, डॉल्फिन पॉइंट, निवतीचा किल्ला, गोल्डन रॉक, भोगवे, सीगल आयलंड आणि शेवटी त्सुनामी आयलंड. भावाची घासाघीस तो करतोच. मोहोळच्या बैलबाजारात चाललेला आवाज इथेही चालेल अशी त्याची समजूत असते. तांडेल ऐकून घेतो, हसतो आणि पहिलाच भाव पुन्हा सांगतो.

खरा पेच पुढे पडतो. तांडेल प्रत्येकाच्या हातात नारिंगी लाइफ जॅकेट देतो. ज्याचा डबा चाळीस वर्षांपूर्वी सुटला, त्याला पुन्हा सगळ्या घरादारासमोर डबा बांधायला सांगितले जाते.

“मालक, ही पोरास्नी द्या. आपल्याला गरज न्हाय.”

“घातल्याबिगर बोट सुटाची नाय.”

“आवं, आमची हीर सात परूस हाय!”

“तां दर्याक म्हायत नाय. जाकेट घाला.”

बायको मागून म्हणते, “घाला की ओ गप. लोकं खोळंबल्याती.” तो जॅकेट घालतो, पण बंद लावत नाही. तांडेल येऊन बंद लावतो. अशा रीतीने सफरीचा पहिला पराभव बोट सुटण्याआधीच नोंदला जातो.

दुसरा पराभव संगम ओलांडल्यावर होतो. विहिरीतले पाणी खोल असेल, गार असेल, शेवाळलेले असेल. ते हलत मात्र नाही. इथे कान सांगतात हलतोय, डोळे सांगतात बाकावर बसलोय, आणि या भांडणाचा निकाल पोटात लागतो. बोट लागणे याचा धाडसाशी काही संबंध नाही, नेल्सनसारख्या ब्रिटिश आरमाराच्या सेनानीलाही हा त्रास होता. विहिरीतल्या दर्यावर्दीला हे ठाऊक नसल्याने तो दोष सकाळच्या पोह्यांना देतो. आवळासुपारी, लिंबू, ओवा असे सगळे उपाय बायकोच्या पिशवीत निघतात. या पाऊण तासात तो विहिरीविषयी काही बोलत नाही. त्याच्या सहवासातला हा सर्वांत शांत काळ.

डॉल्फिन पॉइंटला त्याची वाचा परत येते. काळसर पाठ आणि तिच्यावरचा पर क्षणभर पाण्यावर दिसतो, बोटीतले सगळे एका बाजूला धावतात आणि तांडेल ओरडून त्यांना पुन्हा बसवतो. डॉल्फिन हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, असे धाकटी मुलगी सांगते. तो ऐकतो आणि यापेक्षा मोठा कटला उजनीत पाहिल्याचे जाहीर करतो. निवतीचा किल्ला, गोल्डन रॉक आणि भोगव्याचा किनारा ही ठिकाणे फोटो काढण्यात जातात.

पाण्यात उतरायची जागा म्हणजे त्सुनामी आयलंड. कर्लीच्या मुखाशी असलेला हा वाळूचा दांडा. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे स्थानिक लोक सांगतात, नावही त्यावरूनच पडले. भरतीला तो पाण्याखाली असतो, ओहोटीला उघडा पडतो. पर्यटक उतरतात तेव्हा तिथे पाणी असते गुडघाभर, फार तर कमरेइतके.

जो सूर मारण्यासाठी एवढा प्रवास केला, तो मारायला इथे जागाच नाही. आदल्या रात्री त्याने मोबाइलवर ग्रीसच्या किनाऱ्यावरचा व्हिडिओ पाहिलेला असतो. झाकिन्थोस किंवा पाक्सी बेटांभोवती फिरणारी बोट निळ्याशार खाडीत नांगर टाकते, लोक कठड्यावरून धडाधड उड्या मारतात, अर्धा तास डुंबतात, शिडीने वर येतात, आणि बोट पुढच्या खाडीला जाते. तांडेलाने तसेच खोल पाण्यात थांबावे, अशी त्याची मागणी असते. ती मान्य होत नाही, आणि याला निसर्गाचे कारण आहे. ग्रीसच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा. चुनखडीच्या कड्यांमधल्या खाड्यांना आडोसा असतो आणि नदीचा गाळ नसल्याने तळ दिसतो. देवबागला पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, उधाणाला दोन मीटरच्या आसपास. ते सगळे पाणी संगमाच्या तोंडातून आत-बाहेर धावते. त्या ओढीत उडी मारलेला माणूस बोटीकडे परत येईलच असे नाही.

मग तो कमरेइतक्या पाण्यात उकिडवा बसतो, खांदे बुडेपर्यंत खाली जातो आणि चार हात मारतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असल्याने अंग विहिरीपेक्षा वरच तरंगते, शिवाय जॅकेट आहेच. या दोन्हींचे श्रेय तो स्वतःच्या दमाला देतो. सवयीने पाण्याखाली डोळे उघडतो आणि ताबडतोब मिटतो. शेवटी बुडी मारून मूठभर वाळू वर आणून दाखवतो. पाणी कमरेइतके असल्याने ती वाळू वाकूनही काढता आली असती, पण शेवटची परीक्षा ही शेवटची परीक्षा.

जेट स्की, बनाना राइड वगैरे प्रकार त्याला मान्य नसतात. पाण्यात इंजिन आले की पोहणे संपले, हे त्याचे मत. दर विचारल्यानंतर ते अधिक ठाम होते. याच वेळी त्याची बायको, वहिनी आणि म्हातारी आई साडीसकट पाण्यात बसलेल्या असतात. त्यांना लहानपणी कोणी विहिरीत ढकलले नव्हते, त्यामुळे त्या या पाण्याची तुलना कशाशीच करत नाहीत. बोट निघायची हाक आली की सगळ्यांत शेवटी त्याच उठतात. सफर खऱ्या अर्थाने कोणी केली असेल, तर त्यांनी.

दुपारी सुरमईची थाळी पुढे येते. तो चिलापी आहे का विचारतो. नाही असे कळल्यावर कोकणाबद्दलचे त्याचे मत थोडे खाली येते आणि सोलकढीच्या तिसऱ्या वाटीला पुन्हा वर जाते.

उन्हे कलल्यावर मालवण जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहिला जातो. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे बांधकाम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि १६६७ मध्ये संपले. तट, बुरूज, शिवराजेश्वराचे मंदिर हे सगळे तो आदराने पाहतो. मात्र त्याचे पाय थबकतात ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव यांच्यापाशी. चहूबाजूंनी खारा समुद्र असलेल्या बेटावरच्या या गोड्या पाण्याच्या विहिरी. तो काठावरून वाकून तळ न्याहाळतो, गाइडला “किती परूस?” असे विचारतो, आणि दिवसभरात प्रथमच समाधानाने मागे वळून म्हणतो, “बगा. म्हाराजास्नी बी हीरच लागली.”

हे वाक्य पुढे अनेक वर्षे मोहोळच्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. त्या वृत्तांतात लाइफ जॅकेट नसते, आवळासुपारी नसते, आणि त्सुनामी आयलंडचे पाणी छातीच्या वर असते.

हा प्रकार आता कमी होत चालला आहे. मोटा गेल्या, बोअर आले. पाचशे फूट खोल बोअरमध्ये पाणी असले तरी उडी मारता येत नाही. जुन्या विहिरी कुठे बुजल्या, कुठे कोरड्या पडल्या. त्यांच्या जागी शेततळी आली, पण त्यांच्या प्लास्टिकच्या उतारावर हातपाय घसरतात आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे अवघड होते. ज्या बापाने विहिरीच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या, त्याच्या मुलांना बहुधा पोहता येत नाही, कारण गोष्टी सांगण्याच्या नादात त्यांना पाण्यात उतरवायचे राहून गेले. हा त्याचा खरा दोष; बढाई हा नव्हे. ज्याच्या विहिरीला अजून मे महिन्यात पाणी टिकते, त्याने पुढच्या बोटीचे पैसे भरण्याआधी मुलांच्या पाठीला डबा बांधावा, आणि मुलींच्याही.