मासा तक्रार करत नाही

कुत्रा पाळायचा म्हटलं की घरात भांडण होतं. मांजराच्या बाबतीत भांडायला वावच नसतो, कारण ते परवानगी मागून येत नाही. पण ‘फिश टँक आणू या का?’ असं कुणी विचारलं, की अख्खं घर समजूतदार होतं. मासा भुंकत नाही, सोफा ओरबाडत नाही, त्याला सकाळी फिरवून आणावं लागत नाही आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याच्याविषयी नोटीस काढता येत नाही. पडद्यांच्या रंगावरून आठवडाभर अबोला धरणारी माणसं माशांचा ठराव चहा निवायच्या आत मंजूर करतात. मराठी घरात इतक्या झटपट एकमत झालं, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

आमच्याकडे हा ठराव सध्या विचाराधीन आहे. लेकीला गोल काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश हवा आहे. बायकोला माशांपेक्षा पाण्यातली हिरवी झाडं हवी आहेत. टाकी ईशान्येलाच ठेवली पाहिजे, असं बाबांनी वास्तुशास्त्राच्या आधारे जाहीर केलंय. आमच्या ईशान्येला वॉशिंग मशीन आहे. आणि आई मूळची मालवणची. तिने एकच प्रश्न विचारला, “खायचे नाहीत, तर आणतोस कशाला रे?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. दुकानात ‘शार्क’ म्हणून बोटभर लांबीचा जो चंदेरी मासा विकतात, त्याचा शार्कशी काही संबंध नसतो. तो पंगस. वाढू दिला तर मीटरभर होतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो पांढराशुभ्र तुकडा ताटात येतो, तो बहुधा याच माशाचा. म्हणजे एकच मासा एका दुकानात पाळायला मिळतो आणि दुसऱ्या दुकानात तळून. हे कळल्यावर आईने विजयी मुद्रेने भाकरी थापायला घेतली.

लेकीच्या गोल भांड्याचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. गोल्डफिश नीट सांभाळला तर वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. तिसरीतल्या मुलीसाठी आणलेला मासा तिच्या पदवीदान समारंभाच्या दिवशीही घरात असू शकतो. गोल भांड्यात तो फार जगत नाही, आणि आपण समजतो की माशाचं आयुष्यच तेवढं. खरं तर हा धडा आपल्याला फार जुना आहे. मनूच्या ओंजळीत आलेल्या इवल्याशा माशाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मनूने त्याला आधी भांड्यात ठेवलं, मग तळ्यात, मग नदीत आणि शेवटी समुद्रात. आपण त्यात अवतार पाहिला. मला आता त्यात मोठी टाकी घेण्याचा वाढता खर्च दिसतो. मनूला निदान समुद्र फुकट होता. आम्हाला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी बेताची टाकी घ्यायची, तरी त्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. म्हणजे ५६ किलो, शिवाय काच आणि खडे वेगळे. आमच्या टीव्हीच्या स्टँडला हे झेपणारं नाही.

पण खरी मेख माशात नाही, पाण्यात आहे. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. तो त्याला स्वतःलाच विषारी असतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बेताच्या प्रमाणात माशांना सोसतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांत वस्ती करतात, पण ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी सकाळी टाकी आणतो, दुपारी भरतो आणि संध्याकाळी पाहुण्यांना मासे दाखवतो. दुसऱ्या आठवड्यात मासे उलटे तरंगू लागले, की उसासा टाकून म्हणतो, “आम्हाला मासे लाभत नाहीत.” बाबांच्या वास्तुवाल्या मित्रांकडे याहून भारी स्पष्टीकरण आहे: घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं. बिचाऱ्याने घेतलेलं संकट म्हणजे अमोनिया.

त्यात आपली स्वच्छतेची आवड आडवी येते. फिल्टरचा स्पंज काळपट दिसला की तो नळाखाली खळाखळा धुवावासा वाटतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जिवाणूंना मारतं, आणि महिनाभराची कमाई पाच मिनिटांत मोरीत जाते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा असतो. आमच्या घरात हा नियम पाळला जाईल, याची हमी मी देऊ शकत नाही.

एवढ्यावर भागत नाही. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, म्हणजे साधारण एक बादली. मे महिन्यात सोसायटीत टँकर येतो तेव्हाही बदलायचं. काढलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं तर तो तरारून वाढतो, एवढाच दिलासा. वीज गेली, की हवेचा पंप बंद. आणि गणपतीत गावी गेलो की माशांना खायला कोण घालणार? खरं उत्तर आहे, कुणी नाही. धडधाकट मोठा मासा चार दिवस उपाशी राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. पण शेजारच्या काकू प्रेमळ असतात. त्या दोन्ही वेळा मूठभर खाणं टाकतात, ते कुजतं, आणि आपण परत येतो तेव्हा त्या प्रेमाचा परिणाम पृष्ठभागावर दिसतो.

मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. मुंबईच्या कितीतरी मुलांना घरी मासे आणायची हौस तिथे लागली असेल. तिथे आपण काचेच्या पुढे उभे असायचो. मागे पाइप, बादली आणि जाळी घेऊन कुणीतरी राबत होतं, ते आपल्याला कधी दिसलं नाही. घरात टाकी आली, की काचेच्या दोन्ही बाजूंना आपणच.

आणि मासा तक्रार करत नाही. कुत्रा भुकेला की कुई-कुई करतो, मांजर पायात घोटाळतं. पाणी बिघडलं तर मासा फार तर वर येऊन तोंड उघडझाप करतो, आणि आपण म्हणतो, “बघा, बोलतोय!” म्हणून मासे पाळायचे की नाही, हा प्रश्न माशांविषयीचा नाहीच. न ओरडणाऱ्या जीवाकडे रोज आपणहून बघणारं एक तरी माणूस घरात आहे का, हा प्रश्न आहे. आमच्या घरात कोण असेल ते मला ठाऊक आहे. तुळशीला रोज पाणी घालते तीच, आणि तिला मासे फक्त कालवणात आवडतात.

तेव्हा माझा सल्ला असा. टाकी आणा, पाणी भरा, फिल्टर लावा, चिमूटभर खाणं टाका म्हणजे जिवाणूंची सोय होईल, आणि महिनाभर एकही मासा आणू नका. पाहुणे हसतील, हसू द्या. दुकानदाराकडे टेस्ट किट मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच पुढचं बोला. पुढे कधी कंटाळा आलाच, तर मासे दुकानात परत द्या, पण नदी-तळ्यात सोडू नका. शेवाळ खातो म्हणून टाकीत ठेवतात तो दक्षिण अमेरिकेतला सकर मासा अशा सोडण्यातूनच कोलकात्याजवळच्या पाणथळींत पसरला आणि तिथल्या कोळ्यांच्या डोक्याला ताप झाला. त्या पहिल्या महिनाभरात रिकाम्या टाकीचं पाणी दर रविवारी न चुकता बदललंत, तर मासे खुशाल आणा. नाही जमलं, तर तिच्यात मनीप्लांट लावा. तोही तक्रार करत नाही, पण त्याचं आपल्यावाचून फारसं अडत नाही.