असेंबलभाऊ

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अकोटात कोणाच्या घरी कॉम्प्युटर आला, की पाहायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कंपनीचा हाय का असेंबल?" कंपनीचा असला तर मालक खुर्चीत ताठ बसे. असेंबल असला तर आवाज खाली येई. "असेंबलच हाय, पण पार्ट सारे ओरिजिनल टाकले." अकोल्याहून एक माणूस मोटारसायकलला खोकं बांधून येई, गळ्यात सीड्यांची थैली. दुपारभरात तो सगळं जोडून देई, वरून चार गेम फुकट टाकून देई आणि जेवून जाई. त्याला कोणी कारागीर म्हटलं नाही. परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, एवढाच असेंबलचा मान.

आता उलटं झालं. दुकानातून लॅपटॉप आणलेला पोरगा गप्प असतो आणि असेंबलवाला टपरीवर चारचौघांत सांगतो, "म्या सोता असेंबल केला." त्यातला 'सोता' चांगला लांबवलेला असतो. हा आमचा असेंबलभाऊ. गल्लीगणिक एक सापडतो, म्हणून नाव विचारू नका.

वय बावीस-चोवीस. शिक्षण चालू आहे असं घरचे म्हणतात, संपलं असं कॉलेज म्हणतं. दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेला हा पोरगा आज अमेरिकन माणसाचा तासाभराचा व्हिडिओ दुप्पट वेगानं लावतो आणि मध्येच थांबवून "हा चुकीचं सांगून रायला" असंही म्हणतो. घरात एकही पार्ट आलेला नसतो तेव्हापासून त्याच्या तोंडी पार्टांशिवाय दुसरा विषय नसतो. त्याचा आवडता शब्द बॉटलनेक. प्रोसेसर हलका आणि ग्राफिक्स कार्ड भारी घेतलं तर काय होतं, हे त्यानं टपरीवाल्याला एकदा फार छान समजावलं. २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्णेवरचा गांधीग्रामचा जुना पूल तडा जाऊन बंद झाला, तेव्हा अकोट-अकोला रस्त्याचं जे झालं, तेच. रस्ता दोन्हीकडं चांगला, गाड्या चांगल्या, पण पुलापाशी सारं खोळंबलं. टपरीवाल्याला हे इतकं पटलं, की तो आता गॅस संपला तरी बॉटलनेक झाला म्हणतो.

खरा बॉटलनेक घरात असतो. त्याला बाबा म्हणतात.

बाबा कास्तकार. जगातली कोणतीही रक्कम ते कापसात मोजतात. "किती लागते?" या प्रश्नाला "पंच्याहत्तर हजार" असं उत्तर आलं, की ते वर छताकडं पाहतात आणि भागाकार करतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. "हमीभावानं सव्वानऊ क्विंटल," बाबा म्हणतात, "अन् यापाऱ्याच्या भावानं बोलू नोको." मग एकेका पार्टाची झडती सुरू होते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे साडेतीन क्विंटल. "हे कायले लागते?" "चित्र दिसाले." "मंग टीव्हीत कसं दिसते?" याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते ऐकायला बाबा थांबत नाहीत. कशासाठी पाहिजे हे विचारलं, तर आधी एमपीएससी, मग कोडिंग, मग आटोकॅड अशी कारणं ओळीनं येतात. कार्ड खेळांसाठी घेतात हे घरात आजीसकट सगळ्यांना माहीत असतं. पण तो शब्द उच्चारायचा नाही, असा अलिखित करार असतो.

अशा वेळी असेंबलभाऊ आपला हुकमाचा पत्ता काढतो, विजय भटकर. भटकर आपल्याच अकोला जिल्ह्याचे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. अमेरिका महासंगणक द्यायला खळखळ करू लागली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भटकरांच्या हाताखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यातल्या ६४ ट्रान्सप्युटर चिपा इंग्लंडातल्या इनमॉस कंपनीच्या. त्या एकमेकींशी बोलतील अशा जोडायच्या आणि त्यांच्याकडून एकच काम वाटून करून घ्यायचं, ही करामत आपल्या लोकांची. "म्हंजे सांगा बाबा, तो बी असेंबलच होता का नाई?" मुद्दा तसा बिनतोड आहे. बाबा शांतपणे म्हणतात, "हो. पण त्याईनं बापाचा कापूस नोता इकला." तरी पैसे देतात. वऱ्हाडातला बाप आधी नाही म्हणतो आणि मग कपाटाची किल्ली शोधतो.

पार्ट एका जागी घेणं हे असेंबलभाऊच्या तत्त्वात बसत नाही. दोनशे रुपये वाचतात म्हणून रॅम एका ठिकाणाहून, विजेचा डबा म्हणजे एसएमपीएस दुसऱ्या ठिकाणाहून, आणि मदरबोर्ड नागपूरच्या आतेभावाकरवी. आतेभावाला तो दाखवायला सांगितलेला नसतो, पण त्याच्या कॉलनीत सगळ्यांनी पाहिलेला असतो. कुरिअरवाला नरसिंग महाराजांच्या मंदिरापाशी उभा राहून फोन करतो, कारण त्याच्या पुढचा पत्ता अकोटात कोणी सांगत नाही आणि कोणी शोधत नाही. कॅबिनेट मात्र तो स्वतः अकोल्याहून आणतो, तेही रेल्वेनं. मीटरगेज बंद झाल्यावर काही वर्षं रुळांची वाट पाहिली, २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजची गाडी सुरू झाली. ४४ किलोमीटर तो खोकं मांडीवर घेऊन येतो. शेजारच्या आजीबाईनं "देव हाय का रे यात?" म्हणून नमस्कार केला, तर असेंबलभाऊ तोही होऊ देतो.

जोडणीचा दिवस गुरुवार, म्हणजे शेगावच्या गजानन महाराजांचा वार. व्हिडिओतला माणूस बजावतो, की सतरंजी-गालिच्यावर बसून काम करू नका, स्थिर वीज तयार होते आणि नाजूक चिपा मरतात. पण हे अकोट. इथल्या सुती सतरंज्यांचं एके काळी नाव होतं, आणि पाहुणे आले की सतरंजी अंथरायची ही रीत. त्या दिवशी पाहुणे पुष्कळ असतात. समोरचे निवृत्त गुरुजी, मोबाइल दुरुस्तीवाला, वायरमन, आणि स्क्रू सांभाळायला भाचा. भाच्याच्या मुठीत स्क्रू असतात. पुढं दोन कमी भरतात, आणि ते कुठं गेले हे भाचा कधीच सांगत नाही.

प्रोसेसर बसवणं हा या सोहळ्यातला कळसाचा भाग, आणि तो जवळून पाहण्यासारखाच आहे. चिपेच्या कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. त्रिकोणाला त्रिकोण लावून ती अलगद सोडायची, दाबायची नाही. मग वरची पत्र्याची चौकट मिटवून तिचा दांडा खाली दाबायचा. इथं मात्र जोर लागतो, आणि तोही भीती वाटावी इतका. दांडा करकरतो. असेंबलभाऊचा अंगठा पांढरा पडतो. गुरुजी "हळू, हळू" म्हणतात, वायरमन "दाब, दाब" म्हणतो. तेवढ्यात फट्कन आवाज होऊन काळ्या प्लास्टिकचा तुकडा उडतो आणि गुरुजींच्या मांडीवर पडतो. खोलीत कोणी बोलत नाही. दारातून बाबांचा आवाज येतो, "गेले का दोन क्विंटल?" तो तुकडा म्हणजे सॉकेटवरचं झाकण, आणि ते उडण्यासाठीच असतं. दांडा पूर्ण बसला की ते सुटतं, हे व्हिडिओत सांगितलेलं असतं. पण ज्याचे हात थरथरतात त्याला व्हिडिओ आठवत नाही.

मग प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट. प्रोसेसरवर किती लावायची यावर जगात दोन पंथ आहेत, तांदळाएवढी आणि वाटाण्याएवढी. आई स्वयंपाकघरातून विचारते, "कोनता तांदूय? चिन्नोर का कोलम?" व्हिडिओवाल्यांनी हा विचार केलेला नाही.

सगळे स्क्रू आवळून झाल्यावर लक्षात येतं, की कॅबिनेटला बोर्डाआधी बसवायची ती पत्र्याची पट्टी खोक्यातच राहिली. बोर्ड पुन्हा बाहेर. हे होतंच. ज्याचं झालं नाही त्यानं कॉम्प्युटर जोडलेला नाही, नुसता पाहिला आहे.

शेवटी हळदीकुंकू. ते कॅबिनेटच्या काचेवर लावायचं, आत नाही, यावर मायलेकरांची वाटाघाट होते. नारळ अंगणात फुटतो. बटण दाबलं जातं. पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, लेकरं टाळ्या वाजवतात, आणि पडदा काळाच राहतो. अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. "म्या सांगतलं होतं लॅपटॉप घे," असं तीन माणसं एकदम म्हणतात, त्यांतल्या दोघांनी तसं कधीच सांगितलेलं नसतं. असेंबलभाऊ बंद करतो, रॅम काढतो, फुंकर मारतो, परत लावतो. पुन्हा काळा. पुन्हा बंद.

यात बिघाड काहीच नसतो. डीडीआर-५ रॅमचा नवा बोर्ड पहिल्यांदा चालू झाला, की आधी रॅमशी ओळख करून घेतो. कोणत्या वेगानं बोलायचं, किती थांबायचं, हे तो एकेक करून पाहतो. त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर पडदा कोरा राहतो. मध्येच बंद केलं तर ओळखपरेड पहिल्यापासून. म्हणजे जितकी घाई, तितका उशीर. लग्न जमवणाऱ्या मंडळींना हे न सांगता कळतं, इंजिनिअरिंगच्या पोरांना कळत नाही. त्या दिवशी यंत्र वाचतं ते आईमुळं. ती "चहा पेऊन घ्या रे आंधी" म्हणून सगळ्यांना ओसरीवर बोलावते, आणि परत येऊन पाहतात तर पडद्यावर अक्षरं आलेली. तेव्हापासून त्या घरात कॉम्प्युटर अडला की आधी चहा ठेवतात. दहापैकी बऱ्याच वेळा उपयोग होतो.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. असेंबलभाऊ घाबरतो, वायरमन खूश होतो, कारण आता त्याचा विषय आला. घरात अर्थिंगच नाही. तीन पिनांच्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेला. एसएमपीएसमधून झिरपणाऱ्या थोड्याशा विजेला जमिनीत उतरायला वाट नसली, की ती पत्र्यावर बसून राहते. मग अंगणात खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ. "तिकळे पूर्णेच्या काठानं खारपाणपट्टा हाय," वायरमन खणता खणता म्हणतो, "तिथं मीठ टाकाचंच काम नाई. वावर पिकत नाई, पण अर्थिंग झकास लागते." खाऱ्या जमिनीतून वीज सहज वाहते हे खरंच आहे. खारपाणपट्ट्याबद्दल कोणी चांगलं बोललेलं मी तरी एवढंच ऐकलं.

पुढं उन्हाळा येतो. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. २०२४ च्या मेमध्ये तर उन्हापायी जिल्ह्यात १४४ कलम लागलं होतं. आता घरात दोन कूलर असतात. एक खिडकीतला, वाळ्याच्या ताट्यांचा, दुसरा प्रोसेसरवरचा, अडीच हजारांचा. "बोटाएवळ्या चिपेले कूलर, अन् मायबाप घामानं भिजून रायले," असं म्हणत बाबा खिडकीतल्या कूलरचं तोंड खाटेकडं वळवतात. असेंबलभाऊ ते गुपचूप कॅबिनेटकडं वळवतो. कूलरची ओली हवा आत घेणं बरं नाही, हे त्याला पाठ असतं. पण तपमानाचा आकडा लाल झालेला पाहवत नाही. त्यात आईनं जुन्या जरीच्या पदराचा गलेफ शिवलेला असतो. काचेतून दिवे दिसावेत म्हणून ज्यानं हजार रुपये जास्त मोजले, त्याचं कॅबिनेट दिवसा गलेफात असतं आणि वर गजानन महाराजांचा फोटो.

आणि त्यावर चालतं काय? परीक्षेच्या मोसमात सीईटीचे फॉर्म, पेरणीच्या मोसमात पीकविमा, आणि बाराही महिने सातबारा. साडेतीन क्विंटलाच्या ग्राफिक्स कार्डावर पंधरा रुपयांचा डिजिटल सातबारा उघडतो, आणि कार्डाचे पंखे त्यासाठी फिरायची तसदीही घेत नाहीत. रात्री अकरानंतर दार लावून जे चालतं, ते एमपीएससी असं घरात म्हणतात.

एका बाबतीत मात्र असेंबलभाऊनं बाजी मारली. त्यानं पार्ट घेतले आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांनी जगातली मेमरी उचलली, आणि डिसेंबरात मायक्रॉननं तर घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड गुंडाळायचंच जाहीर केलं. असेंबलभाऊ तेव्हापासून रॅमचा भाव रोज पाहतो आणि जेवताना सांगतो. बाबांनी एकदा घास थांबवून विचारलं, "याले हमीभाव देते का सरकार?" "नाई." "म्हंजे हमीभाव नाई, तरी भाव वाढून रायला." मग त्यांनी कढीची वाटी ओढली. "आमाले हमीभाव हाय."

अकोटात कोणाला पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडायचा असेल, तर याला खुशाल बोलवा. पैसे घेणार नाही, फक्त लोकांसमोर "यानं जोडला" असं एकदा म्हणा. रॅम दोनच असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा, पडद्याची केबल बोर्डाला नको, कार्डालाच लावा. बिल बाबांना दाखवण्याआधी कापूस विकून झाला आहे ना, ते पाहा. आणि अर्थिंग आधी करून ठेवा.